आयग्रा तपासणी : रक्तात नेमके काय शोधतात?

घरात एकाला फुफ्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांनाही तपासायला सांगतात. मग कुणाच्या हातात ‘आयग्रा पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट पडतो आणि सगळे घर घाबरते.

ही तपासणी टीबीचे जंतू शोधतच नाही. जंतू एकदा शरीरात शिरले की आपल्या पांढऱ्या पेशींतल्या टी-पेशी त्यांची ओळख लक्षात ठेवतात. ती ओळख पुन्हा पटली की त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायन सोडतात. लॅबवाले पकडतात ते हेच. ताजे रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. टीबीच्या जंतूची प्रथिने असलेली नळी मुख्य. दुसरी तुलनेसाठी कोरी. आणखी एकीत टी-पेशींना हमखास जागे करणारा पदार्थ असतो. नळ्या अंगाइतक्या उबेत, ३७ अंशांवर, १६ ते २४ तास ठेवतात. नंतर ‘एलायझा’ पद्धतीने रसायन मोजतात. रंग जितका गडद, तितके रसायन जास्त. ‘एलिस्पॉट’ पद्धतीत रसायन सोडणाऱ्या पेशीच्या जागी ठिपका उमटतो आणि ते ठिपके मोजतात.

हमखास जागे करणाऱ्या नळीतही पेशी गप्प राहिल्या, तर त्याला निगेटिव्ह म्हणत नाहीत. प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर असे होते. तो रिपोर्ट अनिर्णित, म्हणून डॉक्टरांना पुन्हा विचारावे.

हातावर सुई टोचून ४८ ते ७२ तासांनी फुगवटा पाहतात, ती मांटू तपासणी जुनी. बीसीजी लस घेतलेल्यांत ती फसू शकते. आयग्रातली प्रथिने बीसीजीत नसतात, म्हणून लसीमुळे ती फसत नाही.

मात्र पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच, असे नाही. जंतू झोपलेले आहेत की आजार सुरू झाला, हे आयग्राला कळत नाही. ते ठरते लक्षणे, एक्स-रे आणि बेडक्याच्या तपासणीवरून. उलट, दोन आठवडे खोकला असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी बेडका तपासून घ्याच. रक्तातली प्रतिपिंडे पाहून टीबी ठरवणाऱ्या तपासण्यांवर तर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. तशी तपासणी कुणी सुचवली तर पैसे देऊ नका.

आजार नाही हे पक्के झाले की प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात. त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. रुग्णाच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र आयग्राची वाट पाहत नाहीत. आजार नाही एवढे डॉक्टरांनी पाहिले की औषध लगेच देतात.