एक लाख डॉलरचा विमा कुणासाठी होता?

प्रश्न : २०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं थायलंडला गेलो होतो. लशीचे दोन्ही डोस झालेले, निघण्याआधीची आरटी-पीसीआर निगेटिव्ह, तिथे उतरल्या दिवशी पुन्हा चाचणी आणि पाचव्या दिवशी आणखी एक. एवढं करूनही ‘थायलंड पास’ या ऑनलाइन प्रवेश-नोंदणीसाठी पन्नास हजार डॉलरच्या करोना विम्याचा कागद अपलोड करावा लागला. आधी म्हणे ही रक्कम एक लाख होती. लस समजते, चाचणी समजते. पण पाहुण्याकडे विमा आहे की नाही याच्याशी त्या सरकारला काय देणंघेणं? आणि वेळ आली असती तर ते पैसे खरंच मिळाले असते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लस आणि चाचणी मागतात ती आजार आत येऊ नये म्हणून. विम्याचा कागद मागतात तो आजार आत आल्यावर होणाऱ्या बिलासाठी. तुमच्या कागदावरचे पन्नास हजार डॉलर तुमच्या नावाने होते हे खरं, पण ती अट घालताना सरकारच्या डोळ्यांसमोर तुम्ही नव्हता, तिथली सरकारी रुग्णालयं होती.

थायलंडचंच बघा. तिथे २००२ पासून सगळ्या नागरिकांसाठी सरकारी आरोग्य योजना आहे. एका भेटीला तीस बाट भरायचे आणि उपचार घ्यायचे, म्हणून ती ‘तीस बाटची योजना’ म्हणूनच ओळखली जाते. परदेशी पर्यटक या योजनेत बसत नाही. आणि पर्यटक किती, तर २०१९ या एका वर्षात जवळपास चार कोटी, सुमारे सात कोटी वस्तीच्या देशात. स्कूटरवरून पडलेला, हृदयविकाराचा झटका आलेला परदेशी माणूस जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखल होतो, डॉक्टर त्याला दारातून परत पाठवत नाहीत, आणि तो बरा होऊन बिल न भरताच निघून जातो, ही तिथल्या पर्यटनस्थळांमधली जुनी तक्रार. म्हणून करोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, ३१ ऑक्टोबर २०१९ पासून, तिथे निवृत्तीनंतर राहायला येणाऱ्या पन्नाशीपुढच्या परदेशी लोकांच्या एका व्हिसासाठी विमा सक्तीचा झाला होता : बाह्यरुग्ण उपचारांसाठी चाळीस हजार बाट, दाखल होण्यासाठी चार लाख बाट. साथ आली तेव्हा ही कल्पना तयारच होती. मार्च २०२० मध्ये परदेशी प्रवाशांसाठी एक लाख डॉलरचा आकडा जाहीर झाला.

पुढे हा आकडा साथीच्या चढउताराबरोबर हलत गेला. जुलै २०२१ मध्ये फुकेत बेट लस घेतलेल्या पर्यटकांसाठी उघडलं तेव्हा एक लाखच. नोव्हेंबरमध्ये ‘टेस्ट अँड गो’ ही चाचणी करून प्रवेश देणारी योजना आली आणि पन्नास हजार झाले. तुम्ही गेलात ते याच अटीवर. मार्च २०२२ मध्ये वीस हजार, मे महिन्यात दहा हजार आणि १ जुलै २०२२ ला अट आणि ‘थायलंड पास’ दोन्ही संपले. विषाणू सौम्य होत गेला, लसीकरण वाढलं, अतिदक्षता विभागात जाणाऱ्यांचं प्रमाण घटलं आणि पर्यटनावर जगणारी माणसं दोन वर्षं रिकाम्या हाताने बसलेली होती. या सगळ्याचा हिशेब त्या उतरत्या आकड्यांत आहे. निवृत्तांच्या त्या व्हिसाची अट मात्र तेव्हा उतरली नाही. ती साथीच्या काळात वाढून एक लाख डॉलरवर गेली आणि साथ ओसरल्यावरही लगेच खाली आली नाही.

इतर देशांनी हेच वेगवेगळ्या तऱ्हांनी केलं. सिंगापूरने थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांकडून तीस हजार सिंगापूर डॉलरचा विमा मागितला. श्रीलंकेने २०२१ च्या जानेवारीत पर्यटन पुन्हा सुरू करताना बारा डॉलरच्या हप्त्यात पन्नास हजार डॉलरचं संरक्षण देणारी पॉलिसी सक्तीने सोबत दिली. सगळ्यांत उघडावाघडा कारभार कंबोडियाचा. जून २०२० मध्ये त्या देशाने पन्नास हजार डॉलरच्या विम्याच्या जोडीला विमानतळावरच तीन हजार डॉलरची अनामत मागायला सुरुवात केली. तिचं दरपत्रक छापलेलं होतं : चाचणीचे शंभर डॉलर, अहवाल येईपर्यंत हॉटेलच्या एका रात्रीचे तीस, दिवसभराच्या जेवणाचे तीस. विमानातला एक जरी प्रवासी पॉझिटिव्ह निघाला तरी बाकी सगळ्यांना चौदा दिवस विलगीकरण आणि त्याचाही दर ठरलेला. यादीत अंत्यसंस्कारही होते, दीड हजार डॉलर. परक्या देशात पाऊल ठेवताना माणसाच्या हातात आपल्याच अंत्यविधीचं दरपत्रक द्यावं, हे मला क्रूर वाटतं. पण विम्याच्या अटीमागचा विचार इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं गेलं नाही. साथीच्या काळात देशांनी प्रवाशांशी कसं वागावं याचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम जागतिक आरोग्य संघटनेत २००५ साली मंजूर झाले आणि जून २००७ पासून लागू आहेत. भारत, थायलंड, कंबोडिया सगळेच त्यांना बांधील. त्यातला चाळिसावा अनुच्छेद सांगतो की, वास्तव्यासाठी येणारे सोडले तर इतर प्रवाशांकडून आरोग्य तपासणीचे किंवा विलगीकरणाचे पैसे घेऊ नयेत. कारण सरळ आहे. धडधाकट माणसाला चौदा दिवस खोलीत बसवता ते त्याच्या भल्यासाठी नाही, बाहेरच्या समाजाच्या भल्यासाठी. मग खर्चही समाजाने करावा. याच अनुच्छेदात पुढे एक वाट मोकळी ठेवली आहे : हा खर्च विम्यातून वसूल करायला देशांना मनाई नाही. म्हणजे प्रवाशाच्या खिशात थेट हात घालता येत नाही, पण प्रवाशाजवळ विमा असेल तर विमा कंपनीकडे बिल पाठवता येतं. विमाच सक्तीचा केला की वसुलीचा रस्ता कायद्यात बसतो.

प्रत्यक्षात बहुतेक देशांनी एवढंही पाळलं नाही. थायलंडमध्ये परदेशी माणसाने हॉटेलातल्या विलगीकरणाचे पैसे स्वतःच भरले. आपणही वेगळं वागलो नाही. मे २०२० च्या भारतीय नियमांनुसार परदेशातून येणाऱ्याने, मग तो आपलाच नागरिक असला तरी, पहिले सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात काढायचे होते. गरोदर स्त्रिया, गंभीर आजारी, घरात मृत्यू झालेला, दहा वर्षांखालच्या मुलांसह आलेले आईवडील, यांना सूट होती. आखातात नोकरी गेलेल्या, दोन-तीन महिने पगार न पाहिलेल्या माणसाला मुंबईत उतरल्यावर आधी हॉटेलचं भाडं मोजावं लागणं अन्यायाचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. सुट्टीवर निघालेल्या जोडप्याकडून विमा मागणं आणि पोटासाठी ये-जा करणाऱ्या मजुराकडून तोच मागणं, या दोन गोष्टी एका पारड्यात घालता येत नाहीत. पुढच्या साथीचे नियम लिहिणाऱ्यांनी हा भेद पहिल्या दिवसापासून करायला हवा.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग : पैसे मिळाले असते का? श्वास लागून रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असतं तर बहुधा मिळाले असते. पण समजा, पाचव्या दिवशीची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तुम्हाला साधं नाकही गळत नाही, तर? तिथल्या नियमाने तुम्हाला वेगळं ठेवणं भाग होतं, कधी रुग्णालयात, कधी रुग्णालयाने चालवायला घेतलेल्या हॉटेलात. विमा कंपनीच्या पॉलिसीत मात्र ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ एवढंच लिहिलेलं. सरकारी आदेश म्हणून दाखल झालेला, पण उपचारांची गरज नसलेला माणूस या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत अडकायचा. अनेक पर्यटकांचे दावे अशाच कारणाने नाकारले गेले. परतीचं विमान चुकलं, जास्तीचे दहा दिवस हॉटेलात गेले, याची भरपाई तर स्वस्त पॉलिसींमध्ये नसायचीच. एमिरेट्सने जुलै २०२० मध्ये आपल्या प्रवाशांना मोफत विमा जाहीर केला तेव्हा उपचारांसाठी दीड लाख युरोपर्यंतच्या रकमेबरोबरच विलगीकरणाचे रोजचे शंभर युरो, चौदा दिवसांपर्यंत, असं वेगळं कलम ठेवलं होतं. प्रवाशाच्या दृष्टीने बघितलं तर दीड लाखाच्या मोठ्या आकड्यापेक्षा ते शंभर युरो जास्त कामाचे, कारण लक्षणं नसलेला पॉझिटिव्ह प्रवासी होण्याची शक्यता अतिदक्षता विभागात जाण्यापेक्षा कितीतरी जास्त होती.

विमा कंपन्यांनाही हा धंदा झेपला असं नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की ठरावीक रक्कम देऊन मोकळं व्हायचं, अशा पॉलिसी थायलंडमध्ये स्थानिक लोकांना भरमसाट विकल्या गेल्या. डेल्टा आणि ओमायक्रॉनच्या लाटांत दाव्यांचा असा लोंढा आला की २०२१-२२ मध्ये चार विमा कंपन्यांचे परवाने गेले.

प्रश्न : परदेशी लोकांकडून भारताने असा विमा मागितला होता का? आणि लस पुण्यात तयार झालेली असूनही ब्रिटनने ती आधी का मानली नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : विमा मागितला नाही. भारताने ११ मार्च २०२० ला बहुतेक व्हिसा स्थगित केले, त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली आणि नियमित सेवा थेट २७ मार्च २०२२ ला सुरू केली. मधल्या काळात येणाऱ्याला ‘एअर सुविधा’ या पोर्टलवर स्वयंघोषणापत्र भरावं लागे आणि पुढे त्यासोबत बहात्तर तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल. तो अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. गोव्याच्या पर्यटनाला चार्टर विमानांचा मोठा आधार असतो. त्या पर्यटकांना व्हिसा पुन्हा मिळू लागले १५ ऑक्टोबर २०२१ पासून, इतरांना महिन्याने. तेव्हाही विम्याची अट नव्हती.

कोविशिल्डची गोष्ट जास्त बोचरी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ही लस म्हणजे ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस, जागतिक आरोग्य संघटनेने तिला फेब्रुवारी २०२१ मध्येच मान्यता दिलेली. तरी ४ ऑक्टोबरपासून लागू होणारे नवे नियम ब्रिटनने सप्टेंबरमध्ये जाहीर केले, तेव्हा भारतात कोविशिल्ड घेतलेल्याला लस न घेतलेला समजलं जाणार होतं. टीका झाल्यावर काही दिवसांत लस मान्य झाली, पण प्रमाणपत्र नाही. अडचणींतली एक अगदी छोटी होती : कोविनच्या प्रमाणपत्रावर वय छापलेलं असे, पूर्ण जन्मतारीख नसे. परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारखेची सोय त्यात करून घेण्यात आली. दरम्यान भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना, लस घेतलेली असो वा नसो, दहा दिवस विलगीकरण लावलं. ब्रिटनने ११ तारखेपासून अट काढली, आपण १३ तारखेला आपली मागे घेतली. या नऊ-दहा दिवसांत आरोग्यशास्त्रात काहीही नवं घडलं नव्हतं. मला आपल्या सरकारची भूमिका समजते, पण अशा देवाणघेवाणीत भरडले जातात ते विद्यार्थी आणि आजारी आईबापांना भेटायला निघालेले लोक, याचंच जास्त वाईट वाटतं.

विम्याचा आणि या जशास तसेचा संबंधही एकदा आला. जानेवारी २०२३ मध्ये, चीनने सीमा उघडण्याच्या सुमारास, भारताने थायलंडसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर सक्तीची केली. त्यावर थायलंडने ठरवलं की, ज्यांना मायदेशी परतताना अशी चाचणी द्यावी लागते त्या पाहुण्यांनी दहा हजार डॉलरचा विमा घेऊनच यावं. चाचणी पॉझिटिव्ह आली तर तो प्रवासी आपल्याकडेच अडकणार, हे त्यांचं गणित. म्हणजे त्या महिन्यात भारतीय पर्यटकाला विमा घ्यावा लागला तो भारताच्याच नियमामुळे.

प्रश्न : माझी दहा लाखांची मेडिक्लेम आहे. ती दाखवून परदेशात प्रवेश मिळाला असता का? आणि युरोपचा तीस हजार युरोचा विमाही करोनामुळेच आला का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नसता मिळाला. आपल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात. जुलै २०२० मध्ये आलेली ‘करोना कवच’देखील भारतापुरतीच होती. वकिलातीला हवं असायचं ते प्रवास विम्याचं इंग्रजी पत्र : त्यात रक्कम डॉलरमध्ये, संपूर्ण मुक्कामाच्या तारखा आणि ‘कोविड-१९’चा स्पष्ट उल्लेख. रक्कम बरोबर पण हा उल्लेख नाही, असे कागद परत येत.

शेंगेन व्हिसाची तीस हजार युरोची अट २००४ पासूनची आहे. तिचा करोनाशी संबंध नाही आणि ती आजही आहे. तातडीचे उपचार, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव पाठवणं, हे सगळं त्यात धरलेलं असावं लागतं आणि विमा सर्व शेंगेन देशांत चालणारा हवा. अमेरिकेने मात्र पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांकडून साथीतसुद्धा विमा मागितला नाही, म्हणून मुलांकडे जाणारे बरेच आईवडील तो घेतच नाहीत. तिथला रुग्णालयाचा खर्च पाहता, अट नसलेल्या या देशातच विम्याची गरज सर्वांत जास्त आहे. तो घेताना मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांबद्दलचं कलम एजंटकडून तोंडी ऐकू नका, पॉलिसीत स्वतः वाचा.