ट्रकचालकांचा निद्राश्वासरोध आणि वाहतूक व्यवसायाची जबाबदारी

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेले वाडी हे मालवाहतुकीचे मोठे ठाणे असून, श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि हजीरा-पारादीप हा महामार्ग 53 नागपुरात एकमेकांना छेदत असल्यामुळे चारही दिशांचा माल येथील गोदामांत उतरतो आणि येथूनच पुढे रवाना होतो. या गाड्यांचे टायर, ब्रेक आणि कागदपत्रे तपासली जातात, चालकांसाठी नेत्रतपासणीची शिबिरेही भरतात. परंतु गाडी चालवणारा माणूस झोपेत श्वास नीट घेतो की नाही, हे मात्र क्वचितच विचारले जाते. परवान्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्राचाही भर नजर, रंगांची ओळख, श्रवण, फेफरे आणि घेरी यांवरच आहे.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, हे सर्वांच्याच बाबतीत घडते. तथापि ज्यांची मान जाड आहे, वजन वाढलेले आहे किंवा जबडा मागे सरकलेला आहे, त्यांच्या घशातील श्वासमार्ग या सैलपणामुळे मिटू शकतो; मग श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू घाबऱ्याघाबऱ्या शरीराला जागे करून श्वास पुन्हा सुरू करतो. या विकारास निद्राश्वासरोध किंवा स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास थांबण्याचे किंवा लक्षणीय मंदावण्याचे प्रसंग तासाला 5 ते 15 असल्यास विकार सौम्य, 15 ते 30 असल्यास मध्यम आणि 30 च्या पुढे गेल्यास तीव्र समजला जातो. या क्षणिक जागेपणाची आठवण रुग्णाला सकाळी राहत नाही, त्यामुळे आठ तास अंथरुणावर काढूनही दिवसा पेंग का येते, हे त्याला उमगत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार देशातील सुमारे 11 टक्के प्रौढांना, आणि पुरुषांमध्ये सुमारे 13 टक्क्यांना, हा विकार असावा. उपचार न घेतलेल्या चालकांच्या अपघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ अडीच पट असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांवरून दिसते.

चालकाची डुलकी मात्र बहुधा रात्रपाळीच्या नावावर खपते, आणि तिच्यावर चहा व तंबाखूचा खर्रा हेच उपाय केले जातात. थकव्याचा वाटा खोटा नाही: 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यापासून दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा चालत आली असली तरी लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत ती सर्रास ओलांडली जाते, आणि मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये दुपारी घेतलेली झोप ही झोप म्हणण्याजोगी नसते. फरक असा की, निव्वळ थकवा काही रात्रींच्या पुरेशा झोपेने उतरतो, तर निद्राश्वासरोधाची पेंग सुट्टीत घरी राहूनही सुटत नाही. तंबाखूतील निकोटिन तात्पुरती तरतरी देऊन नंतरची झोप तुटक करते. झोपेपूर्वी घेतलेली दारू तर घशाचे स्नायू आणखी सैल करून श्वासरोध वाढवते.

विकाराची पहिली खूण रुग्णाला स्वतःला कळत नसल्यामुळे साक्षीदार महत्त्वाचा ठरतो. चालक महिन्यातील बऱ्याच रात्री घराबाहेर असतो, म्हणून पत्नीइतकाच त्याच केबिनमध्ये झोपणारा क्लीनरही ही माहिती देऊ शकतो: घोरणे मध्येच पूर्ण थांबते काय आणि मग घुसमटल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू होते काय. याशिवाय उच्च रक्तदाब, पन्नाशीपुढील वय, 40 सेंटिमीटरहून अधिक मानेचा घेर, स्थूलता, सकाळची डोकेदुखी आणि रात्री वारंवार लघवीला उठणे यांचीही नोंद घ्यावी लागते. मानेचा घेर आणि रक्तदाब यांवर विशेष भर द्यावा, कारण पेंग येते काय, या प्रश्नाला रोजगार जाण्याच्या भीतीने चालक सहसा नकारार्थीच उत्तर देतो, आणि टेप मात्र ती भीती जाणत नाही.

ही भीती दूर केल्याखेरीज कोणतीही तपासणी यशस्वी होणार नाही. अमेरिकेतील श्नायडर या मोठ्या मालवाहतूक कंपनीने आपल्या चालकांची तपासणी करून त्यांना उपचार पुरवले, आणि त्या कार्यक्रमावरील 2016 च्या अभ्यासात असे आढळले की, उपचाराचे सीपॅप यंत्र अजिबात न वापरणाऱ्या रुग्ण चालकांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात निरोगी चालकांच्या पाचपट होते, तर ते वापरणाऱ्यांचे प्रमाण निरोगी चालकांसारखेच होते. याचा अर्थ निदान झालेला चालक निकामी ठरत नाही; उपचार घेणारा चालक रस्त्यावर इतरांइतकाच सुरक्षित असू शकतो. याच अनुभवाची दुसरी बाजू अशी की, उपचार नाकारणारा चालक नोकरी सोडून तपासणी नसलेल्या दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतो. वाडीत तर एका ट्रान्सपोर्टच्या आवारातून दुसऱ्या आवारात जायला रस्ता ओलांडणे पुरते. त्यामुळे येथे एकट्यादुकट्या मालकाने नव्हे, तर सर्व ट्रान्सपोर्टरांनी मिळून तपासणी स्वीकारणे आवश्यक आहे. युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशानुसार मध्यम व तीव्र विकाराचा परवान्याशी संबंध जोडला आहे. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री या नात्याने नितीन गडकरी यांनी 2021 मध्ये ट्रकचालकांचे कामाचे तास ठरवण्याचा आणि केबिनमध्ये झोप ओळखणारे संवेदक बसवण्याचा आग्रह धरला. संवेदक मिटणारे डोळे ओळखतो, परंतु रात्रभर मिटणारा घसा उघडत नाही.

वरील प्रश्न व मोजमापांच्या नोंदीत धोका दिसलेल्या चालकाची झोपतपासणी करावी. नाकाजवळची नळी, छातीचा पट्टा आणि बोटावरील प्राणवायूमापक एवढ्या साधनांनी ती दोन फेऱ्यांमधील विश्रांतीच्या रात्री घरीही होऊ शकते. ती निर्दोष येऊनही लक्षणे स्पष्ट असतील, तर रुग्णालयातील रात्रभराची सविस्तर तपासणी करावी लागते. नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स येथील श्वसनरोग विभागांकडे यासाठी चौकशी करावी. स्टिअरिंगवर ज्याला एकदा तरी डुलकी लागली आहे, त्याने निदान व उपचार होईपर्यंत गाडी चालवू नये, आणि या काळात मालकाने त्याला गोदामातील काम देऊन त्याचा पगार चालू ठेवावा.

मध्यम व तीव्र विकारावरील मुख्य उपचार म्हणजे सीपॅप हे यंत्र होय. ते मुखवट्यातून सतत दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवते. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी त्याचा उपयोग प्रथम मांडला. योग्य कन्व्हर्टर असल्यास ते ट्रकच्या 24 व्होल्ट बॅटरीवरही चालते. मात्र महामार्गावरील धुळीमुळे त्याची गाळणी वारंवार बदलावी, आणि दाट मिशीमुळे हवा गळत असल्यास नाकपुड्यांत बसणारा छोटा मुखवटा घ्यावा. दररोज किमान चार तास, आणि शक्यतो संपूर्ण झोपेत, यंत्र लावावे. वजन 10 टक्के घटल्यास श्वासरोधाचे प्रसंग सरासरी चतुर्थांशाने कमी होतात आणि कुशीवर झोपण्याचाही लाभ होतो, परंतु तीव्र विकारात एवढ्यावर विसंबून यंत्र सोडणे धोक्याचे आहे.

यंत्राचा खर्च चालकाच्या एकट्याच्या मिळकतीतून सहसा झेपत नाही. गाडीच्या विम्याइतकाच हा खर्चही व्यवसायाचा मानून वाडीतील ट्रान्सपोर्टरांनी त्याची तरतूद करावी, आणि तपासणीचा तपशील चालक व डॉक्टर यांच्यातच राहील, तसेच उपचार घेणाऱ्याची एकही फेरी हिरावली जाणार नाही, असे लेखी आश्वासन तपासणीपूर्वी द्यावे.