उपचार किती आणि कशासाठी?

आमच्या डोकमर्डीत कारखान्यात राबणारी कुटुंबे पुष्कळ. दोन दिवस ताप राहिला की बुडणाऱ्या रोजाची काळजी लागते, आणि मनुष्य दवाखान्यात जाऊन स्वतःच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक बाटली चढवा." तेव्हा बाटलीपासूनच आरंभ करणे बरे.

अशक्तपणावर 'ताकद' म्हणून चढविल्या जाणाऱ्या या बाटलीत असते तरी काय? अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. एवढी साखर दोन पेले सरबतात सहज मावते! रोगी तोंडाने पिऊ शकत असेल तर शिरेतून दिलेल्या पाण्याने त्याला निराळे बळ येत नाही. उलट हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर जादा पाणी बाधते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली. बनगावच्या छावणीत सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. उलटी थांबतच नसेल किंवा रोग्याची शुद्ध हरपत असेल, तर मात्र सलाईन प्राण वाचविते; तेथे विलंब नको.

बाटलीत पैसे जातात. शस्त्रक्रियेत गेलेला अवयव परत येत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची हकीगत उजेडात आली. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहांत एक. त्यांत चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे यांसारख्या तक्रारी बहुधा औषधाने आटोक्यात येतात. परंतु कर्करोगाची भीती घातली की कोणती बाई नाही म्हणेल? बीजकोशही काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आमच्या मते येथे दोष केवळ शस्त्र चालविणाऱ्याचा नव्हता. नवराबायको मिळून एक 'कोयता', त्यावर घेतलेली उचल, खाडा झाला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा. अशा स्थितीत पाळीच नको असे त्या माउलीलाही वाटू लागले.

हा विचार डॉक्टरांनाही सुचला आहे, ही समाधानाची गोष्ट. २०१२ साली अमेरिकेतील वैद्यकसंस्थांनी 'चूझिंग वाइजली' या नावाने, आपापल्या शाखेत काय टाळावे याच्या याद्या काढल्या. २०१९ मध्ये आपल्याकडे नॅशनल कॅन्सर ग्रिडने कर्करोगाच्या उपचारांत टाळावयाच्या दहा गोष्टी सांगितल्या. मालाची चढउतार करणाऱ्या आमच्या बंधूंना उपयोगी पडेल असा एक नियम त्या अमेरिकन याद्यांत आहे: साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे एमआरआय काढण्याची घाई नको. पायात बधिरपणा वा अशक्तपणा, लघवीचा ताबा सुटणे, ताप, विनाकारण वजन घटणे किंवा मोठा मार, यांपैकी काही असल्यास मात्र तत्काळ दाखवावे.

तपासणीच नको, असे कोणी समजू नये. आपल्या भागातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यासाठी रक्त तपासणे अत्यंत गरजेचे. तेथे टाळाटाळ करणे हाच अपाय.

मग ओळखावे कसे? डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: या तपासणीने उपचारात काय फरक पडेल? थोडे दिवस थांबले तर धोका काय? याहून साधा उपाय आहे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया सुचविली असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. सिल्वासाचे सरकारी हॉस्पिटल आपल्याला जवळच आहे. जाताना जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे सर्व एका पिशवीत घालून न्यावे, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्च बहुधा वाचतो.