ऊन एक, आवडी दोन

ठाणे आणि भिवंडी यांच्या मध्ये, उल्हास नदीच्या खाडीकाठी, कशेळी हे गाव आहे. आज त्याच्या आसपास मोठमोठी गोदामे उभी आहेत. परंतु या भागातील आगरी व कोळी लोकांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीवर आणि मासेमारीवर चालत आले. भाताची लावणी असो की मासळीची विक्री असो, स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने राबल्या. उघड्यावर राबणाऱ्याचा वर्ण उन्हाने रापतो. तरीही आपल्याकडे मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली, की "मुलगी रंगाने कशी आहे?" असे विचारले जाते. उन्हात राबून ज्यांनी घरे उभी केली, त्यांच्याच लेकींना सावळेपणाचा संकोच वाटावा, हे नवल नव्हे काय?

चीनमध्येही गोऱ्या वर्णाची आवड फार जुनी आहे. तेथे शेतकरी उन्हात राबे आणि श्रीमंत सावलीत बसे. म्हणून गोरेपणा हे सुखवस्तूपणाचे लक्षण ठरले. आजही अनेक चिनी स्त्रिया उन्हात छत्री घेऊन हिंडतात. चिंगदाओ शहराच्या समुद्रकिनारी तर काही स्त्रिया केवळ डोळे, नाक व तोंड उघडे ठेवणारा कापडी मुखवटा घालून पोहतात!

युरोपातही पूर्वी अशीच समजूत होती. पुढे कारखाने निघाले. गरीब कामगार दिवसभर छपराखाली राबू लागला आणि त्याचा चेहरा फिका पडला. श्रीमंत लोक मात्र सुटीत समुद्रकाठी जाऊ लागले. तेव्हा १९२० नंतरच्या काळात उन्हाने रापलेली त्वचाच तेथे सुंदर ठरली. आज कित्येक पाश्चात्त्य स्त्रीपुरुष मुद्दाम उन्हात पडून राहतात.

ऊन एकच, परंतु एक त्यापासून पळतो आणि दुसरा त्याच्याकडे धावतो! दोन्ही आवडींचे मूळ मात्र एकच आहे : ज्याला राबावे लागत नाही, त्याचे रूप सुंदर मानावयाचे.

अशा आवडींपायी माणसांनी यातनाही सोसल्या आहेत. चीनमध्ये शेकडो वर्षे लहान मुलींची पावले घट्ट बांधून त्यांची वाढ खुंटवीत असत. १९१२ साली तेथील नव्या प्रजासत्ताक सरकारने ही चाल बंद करण्याचा हुकूम काढला. जी पावले एके काळी सुंदर वाटत, ती पाहून आज मन हळहळते.

शास्त्र काय सांगते? त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. त्याचे प्रमाण अधिक, तितका वर्ण सावळा. म्हणजे सावळेपणा हा दोष नव्हे. ती निसर्गाने दिलेली ढाल आहे.

पंढरीचा विठोबा सावळाच आहे. त्याच्या दर्शनासाठी लाखो वारकरी पायी चालत जातात आणि ते रूप डोळे भरून पाहतात. देवाच्या ठायी जो वर्ण सुंदर, तो लेकीच्या ठायी उणा कसा ठरेल?

स्वाध्याय
१. युरोपात रापलेली त्वचा सुंदर का मानली जाऊ लागली?
२. 'सावळेपणा ही निसर्गाने दिलेली ढाल आहे', असे का म्हटले आहे?