पोटखराब्यांतील रहिवासी : मोठा केसाळ कोळी व त्याचें रक्षण

सात-बाराच्या उताऱ्यांत पोटखराब्याचा एक रकाना असतो. त्याचे दोन वर्ग आहेत. खडकाळ, खाचखळग्यांची, नांगर न चालणारी जमीन तो वर्ग ‘अ’. रस्ते, पाणवठे वगैरे सार्वजनिक कामाकडे नेमलेली तो वर्ग ‘ब’. महसुलाच्या दफ्तरांत हा रकाना भरण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं; परंतु जी जमीन पिकत नाहीं तिच्यांत कोण राहतें, हा प्रश्न त्या काळांत आमच्या मनांत कधीं आला नाहीं. त्या जमिनीच्या एका रहिवाशाविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. हा रहिवासी म्हणजे मोठा केसाळ कोळी. शास्त्रीय ग्रंथांत यास टॅरंटुला म्हणतात.

ओळख.— घरांतील कोळ्याप्रमाणें हा जाळें पसरून भक्ष्य धरीत नाहीं. बिळाच्या तोंडाशीं दबा धरून बसतो आणि रात्रीं जवळून जाणारा रातकिडा, झुरळ, टोळ अथवा भुंगेरा यांवर झडप घालतो. सह्याद्रीच्या पट्ट्यांतील याच्या कांहीं जाती दरडींत, वाटेच्या कडेच्या उतारावर व शेताच्या जुन्या बांधांत बीळ करून राहतात; कांहीं जाती जुन्या झाडांच्या ढोलींत राहतात. जमिनींतील बिळास आंतून पांढुरक्या धाग्याचें अस्तर असतें व तें तोंडाशीं दिसतें. उंदराच्या बिळापुढें उकरलेल्या मातीचा ढीग असतो, असें अस्तर नसतें. ही खूण ध्यानांत ठेवल्यास उंदीर समजून कोळ्याच्या बिळांत औषध ओतण्याची चूक होणार नाहीं.

विषाची भीति.— या कोळ्याचा चावा दुःखद असतो. झाडांवरील जातींच्या चाव्यानें स्नायूंत पेटके येतात व ते कांहीं दिवस राहूं शकतात. म्हणून चावल्यास मांत्रिकाकडे न जातां दवाखान्यांत जावें. तथापि हा प्राणी आपण होऊन अंगावर येत नाहीं. बिळांत हात घातला अथवा तो दाबला गेला म्हणजेच चावतो. ओटीवर किंवा गोठ्यांत अवचित दिसणारा कोळी हा बहुधा मादीच्या शोधार्थ निघालेला नर असतो. त्यास सुपलींत घेऊन कुंपणापलीकडे सोडावें. वहाण उचलण्याचें कारण नाहीं.

नाशाचें मूळ.— या प्राण्याची वाढ फार सावकाश होते. मादी वयांत येण्यास कित्येक वर्षें लागतात. पुढें ती दीर्घकाळ जगते. नर मात्र वयांत आल्यावर लौकरच मरतो. दुसरी गोष्ट अशी कीं, पुष्कळ लहान कोळ्यांचीं पिलें धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर दूर जातात, तशी यांची सहसा चाल नाहीं. यांचीं पिलें पायीं चालत जाऊन जवळपासच घर करतात. यामुळें एका बांधावर पिढ्यान्‌पिढ्या एकच वस्ती राहते. आणि तो बांध मोडला म्हणजे ती वस्ती नाहींशी होते. बाहेरून कोणी येऊन ती सहज भरून काढीत नाहीं.

याचा अनुभव आम्हांस स्वतःच्या शेतांतच आला. वरच्या व खालच्या तुकड्यांमधील जुना बांध आम्हीं जेसीबी यंत्र लावून एका दिवसांत सपाट केला. त्या बांधांत अशीं नऊ बिळें होतीं. जमीन वाढली ती दीड गुंठा. पुढें तीन पावसाळे आम्ही आसपास शोध केला, परंतु एकहि बीळ दिसलें नाहीं. शिवाय पहिल्याच पावसांत वरच्या तुकड्याची माती खालीं वाहून गेली, तो तोटा वेगळाच.

गुत्तीचा दाखला.— मुरारराव घोरपडे यांच्यामुळें गुत्तीचें नांव मराठी वाचकांस परिचित आहे. आंध्र प्रदेशांतील या गांवीं सांपडलेल्या एका कोळ्याचें वर्णन १८९९ सालीं पोकॉक या शास्त्रज्ञानें प्रसिद्ध केलें. याचा रंग धातूसारखा चकचकीत निळा. त्यानंतर शंभर वर्षें तो पुन्हां कोणा अभ्यासकास आढळला नाहीं. २००१ सालीं नंद्याल व गिद्दलूर यांमधील रानांत त्याचा ठिकाणा लागला. तो जुन्या झाडांच्या ढोलींत राहतो, आणि नेमकीं तींच झाडें इमारती लांकडासाठीं व सरपणासाठीं तुटत होतीं. त्याच्या ज्ञात वस्तीचें क्षेत्र १०० चौरस किलोमीटरांहून कमी भरल्यामुळें २००८ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें त्यास अतिसंकटग्रस्त ठरविलें. रंगाच्या मोहानें परदेशांतील शौकीन लोक तो पाळूं लागले, हेंहि एक संकट झालें. २०१९ सालीं या कोळ्याची सर्व प्रजाति वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचें नियमन करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत घालण्यांत आली. परंतु व्यापार रोखल्यानें तुटलेलें झाड उभें राहत नाहीं. तें काम रानाच्या शेजाऱ्यानेंच करावयाचें आहे.

आपलें कर्तव्य.— कोंकणांत चिरेखाणी, रस्त्यांसाठीं कापलेल्या दरडी, आणि रबर-अननसाच्या लागवडीसाठीं साफ केलेले डोंगरउतार यांनीं अशा जागा कमी होत आहेत. खाणी व रस्ते आपल्या हातीं नाहींत. बांध व झाडें मात्र आहेत. यास्तव पुढील गोष्टी कराव्या :

(१) जुना बांध शक्य तों मोडूं नये. डागडुजी करणें झाल्यास एका वर्षीं एकच बाजू घ्यावी.

(२) बांधावरील ढोलीचें जुनें झाड सरपणासाठीं तोडूं नये.

(३) बांधावर व पडीक उतारावर कीटकनाशक अथवा तणनाशक मारूं नये, आणि वणवा लागूं देऊं नये.

(४) रंगीत कोळी धरून देण्याबद्दल कोणी पैसे देऊं लागल्यास वनखात्यास कळवावें.

हा कोळी आपल्या पिकाची राखण करतो असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें पोट भरण्यापुरते किडे तो खातो, इतकेंच. परंतु ज्या बांधांत त्याचें बीळ टिकतें, तोच बांध आपली माती व पाणी धरून ठेवतो. उताऱ्यावर ज्यास आपण खराबा म्हणून लिहितों, तें कोणाचें तरी राहतें घर असतें. नांगर वळवितांना याची आठवण ठेवावी, एवढीच वाचकांस विनंति.