मोगलीचं जंगल कुठं पाहायचं?

प्रश्न : माझ्या मुलीने ‘द जंगल बुक’ हा ॲनिमेशनपट इतक्यांदा पाहिला आहे, की आता तिला मोगलीच्या जंगलातच जायचं आहे. असं जंगल खरंच आहे का? दिवाळीच्या सुट्टीत तिथं जाता येईल का?
– एक वाचक, कर्जत (जि. अहिल्यानगर)

उत्तर : आहे, आणि जाताही येईल. रुडयार्ड किपलिंगच्या मूळ कथांमध्ये सिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगा नदी नावानिशी येतात. त्यामुळे मध्य प्रदेशातल्या सिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांतलं पेंच हे मोगलीचं जंगल म्हणून ओळखलं जातं. ते आपल्या नागपूर जिल्ह्यातही पसरलं आहे. शिर्डीहून समृद्धी महामार्गाने नागपूर ५२० किलोमीटर, पुढे जबलपूरच्या रस्त्याला सिल्लारीचं प्रवेशद्वार. पावसाळ्यात बंद असलेलं गाभाक्षेत्र ऑक्टोबरात खुलं होतं. दिवाळीत गर्दी असते, म्हणून सफारीची नोंदणी आधीच करा.

मात्र पडद्यावरचं घनदाट, वेलींनी गच्च भरलेलं रान तिथं दिसणार नाही, हे मुलीला निघण्यापूर्वी सांगा. किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, पण मोगलीच्या कथा त्याने अमेरिकेत व्हरमाँटला लिहिल्या. सिवनीच्या वर्णनासाठी त्याला रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या १८७७ मधल्या पुस्तकाचा आधार मिळाला. डिस्नेच्या चित्रकारांनी १९६७ चा चित्रपट रंगवला तो कॅलिफोर्नियात. वानरांचा राजा लुई ही भर त्यांचीच. तो ओरांगउटान आहे आणि हा प्राणी फक्त बोर्निओ-सुमात्रात आढळतो. पेंच हे सागाचं पानझडी जंगल. तिथं शेरखानचे भाईबंद वाघ आहेत, बाळूसारखी अस्वलं आहेत, बिबटेही आहेत. बगीरा हा काळ्या रंगाचा बिबट्याच. ताडोबात असा बिबट्या दिसल्याच्या नोंदी आहेत.

आता मोगलीला वाढवणाऱ्या लांडग्यांविषयी. त्यांच्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. भारतीय लांडग्याचं हक्काचं घर म्हणजे उघडं, गवताळ माळरान. तुमच्या कर्जत, श्रीगोंदा, जामखेड भागातलं आणि भीमेपलीकडच्या इंदापूर-बारामतीतलं. तुमच्या तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी राखलं गेलं. क्षेत्र अवघं दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, पण लांडगा ज्या माळावर जगतो तो कसा असतो, हे मुलीला तिथं पाहता येईल. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वन विभागाची गवताळ प्रदेशाची सफारीही आहे. लांडगे कुटुंबाने राहतात; आईबापांसोबत थोरली भावंडंही पिल्लांना भरवतात. मोगलीच्या गोष्टीतला हा भाग कल्पित नाही.

या प्राण्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. तरीही वाघासाठी जंगल राखायचं हे आपल्याला पटतं, लांडग्यासाठी माळ राखायचा हे पटत नाही. गवत पडीक समजून नांगरलं जातं, प्लॉट पडतात. मग लांडगा मेंढरांवर येतो आणि त्याचा तोटा मेंढपाळाच्या वाट्याला येतो.

म्हणून माझा सल्ला असा : पेंचला अवश्य जा, पण आधी एका सकाळी मुलीला रेहेकुरीला न्या. वाटेत मेंढपाळाचा वाडा दिसला तर त्यांच्याशी बोला. लांडग्याच्या सवयी त्यांच्याइतक्या जवळून क्वचितच कुणी पाहिल्या असतील. लांडगा दिसलाच तर गाडी त्याच्यामागे घालू नका आणि त्याच्या बिळाची जागा कुणाला सांगू नका. चित्रपटातल्या प्राण्यांवर जडलेला जीव आपल्या गावच्या माळावर जडला, तर तो माळ राखायला उद्या तीच उभी राहील.