दूध का बाधते?

दूध पौष्टिक खरे. पण काही मोठ्या माणसांना पेलाभर दूध प्याले की पोट फुगते, गुडगुडते, ढाळ होतात. घरचे म्हणतात, "दृष्ट लागली." मंडळी, ही दृष्ट नव्हे. कारण पोटातच आहे.

आपले लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. आतून ते मखमलीसारखे असते. दुधातली साखर तशीच्या तशी रक्तात जात नाही. तिचे आधी दोन तुकडे व्हावे लागतात. हे काम आतड्यातले एक पाचक द्रव्य करते. त्याचे नाव लॅक्टेज.

लॅक्टेज कमी पडले, तर साखर न तुटताच मोठ्या आतड्यात जाते. तिथले जंतू ती आंबवतात. मग वायू धरतो. तान्ह्या बाळाजवळ लॅक्टेज भरपूर असते. मोठेपणी ते पुष्कळांचे कमी होते.

पण आतड्यातले काम मोजायचे कसे? १९५७ साली अमेरिकेतल्या क्रॉस्बी नावाच्या डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. बारीक नळीला जोडलेली लहानशी डबी रोग्याने गिळायची. ती आतड्यात पोचली की नळीतून हवा ओढायची. आतड्याच्या अस्तराचा कण डबीच्या भोकात येतो. आतली सुरी तो कापते. मग नळी ओढून डबी बाहेर काढायची. आता बहुधा दुर्बिणीच्या नळीने तुकडा घेतात.

१९६४ साली स्वीडनच्या डालक्विस्ट यांनी मोजमापाची रीत छापली. तुकडा वाटून त्यात दुधाची साखर घालतात. अंगाच्या उबेइतक्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेत १ तास ठेवतात. साखर तुटली की ग्लुकोज सुटते. ते मोजतात. ग्लुकोज जास्त, तर लॅक्टेज जोरात. तुकडे लहान-मोठे असतात, म्हणून हिशेब दर मिनिटाला आणि दर ग्रॅमला करतात. दोन मजुरांचे काम तोलताना आपण वेळ पाहतोच ना? तसेच हे.

आता तुकडा न काढताही तपास होतो. दुधाची साखर पाजतात आणि श्वासातला हायड्रोजन वायू मोजतात. साखर पचली नाही, तर तो वाढतो.

दूध बाधत असेल तर घाबरू नका. थोडे थोडे, जेवणाबरोबर घेऊन पाहा. दही-ताक पुष्कळांना सोसते. मात्र मोठ्यांना दूध बाधते म्हणून तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका. ढाळ थांबत नसतील, रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर दवाखाना गाठा.

सांगा पाहू :
१. लॅक्टेज कोणते काम करते?
२. तुकडा किती वेळ उबेत ठेवतात?
३. दूध बाधणाऱ्याने काय खाऊन पाहावे?